छत्रीवाला तीनदा भेटतो

आदिनाथ मला पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याच्या डोक्यावर आमच्या शाळेची सतरंजी होती.

म्हणजे खरं तर तो दिसलाच नाही. दिसली ती सतरंजी. स्टुलावर उभी राहून हॉलच्या खिडकीशी झटापट करणारी. जानेवारीचं कोवळं ऊन आत घुसत होतं आणि सतरंजीला ते बाहेर काढायचं होतं. मी गेले होते माझ्या मैत्रिणीची, दीपमालाची, विसरलेली पाण्याची बाटली आणायला. सतरंजीतून आवाज आला, "कोण हाय तिथं? जरा खालचं टोक धरता का?"

मी धरलं. वरून धुळीचा लोट आला, आम्ही दोघं एकदमच शिंकलो आणि सतरंजी घसरली. आतून एक मुलगा निघाला. केसांत जळमट, भुवयांवर धूळ, आणि डोळे... डोळ्यांचं नंतर सांगते.

"तुम्ही नाटकवाले का?" मी विचारलं.

"सिनेमावाले," तो म्हणाला. "पण आत्ता तरी पडदेवालेच समजा."

लातूरचा एक फिल्म क्लब गावोगावच्या शाळांत सिनेमे दाखवत फिरतो, त्यातला तो. माझ्यासारखाच बारावीला. क्लबचे दयानंद सर येणार होते, पण त्यांना ताप भरला, म्हणून हा एकटाच प्रोजेक्टर आणि लॅपटॉप घेऊन टेम्पोतून मुखेडला उतरलेला. हे सगळं त्यानं मला सतरंजीची दोन टोकं बांधेपर्यंत सांगितलं. आणि मी? मी त्याला त्याहून जास्त सांगितलं.

माझं असं आहे — अकरावीपर्यंत मी वर्गात तोंड उघडत नव्हते. हजेरीला 'हजर' इतकं हळू म्हणायचे की मॅडम गैरहजरी लावायच्या. मग दिवाळीनंतर वक्तृत्व स्पर्धेच्या दिवशी दीपमालाचा घसा बसला, तिच्या जागी मला ढकललं, आणि मला आवाज आहे हे मलाच कळलं. तेव्हापासून मी थांबतच नाही. आई म्हणते, "महामाया, आधी तू बोलावंस म्हणून काळजी होती, आता गप बसावंस म्हणून हाय."

तर सिनेमा.

पुढं आम्ही मुली जमिनीवर, मागं मुलं, त्यांच्या मागं खुर्च्यांवर मास्तर-मॅडम. सगळ्यात शेवटी पांढरी खोळ घातलेला सोफा, संस्थेचे अध्यक्ष किशनराव आणि पाहुण्यांसाठी. सोफा रिकामाच होता. हॉलमध्ये काळोख झाला, आणि पडद्यावर वाळू आली. नुसती वाळू, आणि तिच्यातून जाणारा एक रस्ता.

सिनेमा कुठल्या लांबच्या देशातला होता, भाषा एक अक्षर कळत नव्हती, पण खाली मराठीत ओळी येत होत्या. एक बाई वैकुंठरथ चालवते आहे. मागं एक म्हातारा आहे, मेलेला. पण कुठं चहाची टपरी दिसली की तो उठून बसतो आणि खाली ओळ येते — 'बाई, जरा हळू हाक. मेलो म्हणून काय झालं, हाडं दुखायलीत.' आम्ही हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडलो. मेल्या माणसावर हसावं का नाही, हे हसून झाल्यावर आठवलं.

मग रस्त्याच्या कडेला एक माणूस. हातात छत्री, तीही उलटी धरलेली, जणू आभाळातून काही पडलं तर झेलायला. बाई ब्रेक दाबते. दोघं एकमेकांकडं बघतात. बस... एवढंच. तो गाडीत बसतो.

पुढं टोलनाका. तिथं पैसे घेत नाहीत, आठवण घेतात. एक आठवण काढून द्यायची, मग दांडा वर जातो. बाईनं काच खाली केली आणि नाकेवाल्याच्या कानात काहीतरी सांगितलं. काय, ते आपल्याला ऐकू येत नाही. दांडा वर गेला. पडदा काळा झाला.

आणि पुन्हा वाळू. पुन्हा तोच रस्ता, तोच म्हातारा, तोच छत्रीवाला कडेला उभा, आणि बाई त्याच्याकडं असं बघते की जन्मात कधी पाहिलं नाही.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. तिनं भेटच देऊन टाकली होती! टोल म्हणून! मी दीपमालाचा हात इतका दाबला की तिच्या बांगडीचा वण उठला. पुन्हा नाका आला, पुन्हा तिनं कानात सांगितलं, पुन्हा पडदा काळा... आणि छत्रीवाला तिसऱ्यांदा भेटला. पहिल्या वेळी मी फक्त छत्री पाहिली होती. दुसऱ्या वेळी त्याच्या बुटाची सुटलेली नाडी दिसली. तिसऱ्या वेळी दिसलं की ब्रेक दाबायच्या आधीच ती हसते आहे, अगदी बारीक, ओठांच्या कोपऱ्यात.

नंतर गाडी नाका ओलांडून पुढं गेली ती गेलीच. वाळूत एकटं उभं असलेलं दार आलं, दोघांनी घंटी वाजवली आणि कुणी उघडेल म्हणून वाट पाहत बसले. म्हातारा पत्त्यांत जिंकला आणि जिंकलेले पैसे कफनात बांधले. शेवटी रस्ता समुद्राशी संपला. शेवटचा टोल म्हाताऱ्यानं भरला — होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या आठवणी दिल्या आणि शांत आडवा झाला. मग बाई छत्रीवाल्याकडं वळली. खाली ओळ आली, 'तुमचं नाव काय?'

संपलं. दिवे लागले. मला आपल्या हॉलच्या भिंतीसुद्धा खऱ्या वाटेनात.

आदिनाथ मोबाईल घेऊन प्रत्येकाला 'काय वाटलं' ते विचारत फिरू लागला, सरांना पाठवायचं होतं म्हणून. गणिताच्या मॅडम म्हणाल्या, कळलं काही नाही पण रंग छान होते. एका मुलानं गाडीचं मायलेज विचारलं. किशनराव मागच्या सोफ्यावरून म्हणाले की रस्तासुरक्षेचा संदेश चांगला दिला आहे. आणि आमच्या शाळेच्या शिपाई भामाबाई, ज्या मागच्या दाराशी बसून पाहत होत्या, त्या म्हणाल्या, "मेलेल्या माणसाला जागोजागी च्या पाजला, हे लई चांगलं केलं. आमच्यात जित्याला कुणी इचारत न्हाई."

मग मोबाईल माझ्यापुढं आला.

मी काय काय बोलले ते सगळं आता आठवत नाही, इतकं आठवतं की मी उभी राहिले होते आणि हात कुठं ठेवावेत कळत नव्हतं. मी म्हणाले की ही बाई त्याला तीनदा भेटते आणि दोनदा ती भेट देऊन टाकते, कारण पुढं जायचं तर काहीतरी द्यावंच लागतं. पण रस्ता तिला तोच माणूस परत आणून देतो. आणि शेवटी ती नाव विचारते, म्हणजे परत विसरली आहे... म्हणजे परत भेटणार आहे.

आदिनाथ माझ्याकडं बघत होता. मोबाईल कधीच खाली गेला होता, माझ्या चपलांचं रेकॉर्डिंग चालू होतं, आणि तो बघतच होता. आता सांगते डोळ्यांचं — पाऊस थांबल्यावर विहिरीत वाकून बघावं ना, तसे. खोल, आणि आत थोडं आभाळ.

"झालं का?" मी विचारलं.

"हाव," तो म्हणाला. आणि लगेच, "न्हाई. म्हणजे... हाव."

---

आठवड्यात लातूरहून शाळेत फोन आला. क्लबांचा मेळावा होता. दयानंद सरांना दोन प्रतिक्रिया फार आवडल्या होत्या, माझी आणि भामाबाईंची. तोच सिनेमा तिथं पुन्हा दाखवणार आणि मग आम्ही दोघींनी स्टेजवर बोलायचं. सर म्हणे म्हणाले, तीन भेटींची कल्पना त्या मुलीला सुचली तरी कशी.

शाळेत मी चालायचे ते जमिनीला पाय न लावता. आईनं भामाबाई सोबत आहेत म्हणून हो म्हटलं.

आणि आईच्या फोनवर आदिनाथचे मेसेज. मेळाव्याचा पत्ता, बसची वेळ, असलंच काहीतरी. पण मधेच एखादा यायचा, 'एक सांगायचं होतं...' आणि पुढं काहीच नाही. दीपमालानं त्या तीन टिंबांचा सखोल अभ्यास केला. म्हणाली, "माया, हे तेच हाय. दुसरं काय असणार? लातूरला तुला तोंडावर सांगतोय बघ." मी तिला चापट मारली आणि रात्रभर कूस बदलत राहिले.

लातूर स्टँडवर तो घ्यायला आला होता. इस्त्रीचा शर्ट, केसांत जळमट नाही. मला उगाच ते जळमट आठवलं. भामाबाईंना चहा हवा होता, म्हणून आम्ही टपरीवर बसलो. त्यानं बिस्किटांचा पुडा फोडला, बंद केला, पुन्हा फोडला. मी मनात म्हटलं, आला क्षण.

"माया, तुम्हाला एक..."

"सांगा की," मी म्हणाले. शक्य तितकं सहज.

"तो छत्रीवाला..." त्यानं पुडा परत बंद केला. "तो एकदाच भेटतो."

मला काही कळेना. मग त्यानं मान खाली घालून सगळं सांगितलं. सिनेमा सुरू झाला आणि थोड्या वेळानं किशनराव आले. हेडमास्तरांनी त्याच्या कानात सांगितलं, अध्यक्ष आलेत, पहिल्यापासून लाव. त्यानं लावला. मग किशनरावांचे व्याही आले. पुन्हा पहिल्यापासून. समोरच्यांचा रसभंग नको म्हणून त्यानं घोषणा केली नाही, हळूच पडदा काळा केला आणि सुरुवातीची वाळू आणली. पुढं बसलेल्या आम्हाला मागचा सोफा दिसत नव्हता.

माझे कान तापले. सगळं मुखेड... सगळी शाळा... आणि अजून तासाभरानं सगळं लातूर.

"मला ठाव होतं," भामाबाई बिस्किट बुडवत म्हणाल्या. "किशनराव आले की आमच्याकडं समदं पहिल्यापासून. गेल्या सालाला तर झेंडा खाली घेऊन परत चढवला."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू बोलायलीस तवा कुणी हसलं का? कुणी खोकलंसुदिक न्हाई. मग मी कामून मधी बोलू?"

मी उठले आणि सरळ मुखेडच्या बसच्या फलाटाकडं चालू लागले. मला जुनं गप्प बसणं आठवत होतं. किती उबदार होतं ते. कुणी विचारत नव्हतं, कुणी बोलवत नव्हतं, कुणी हसणार नव्हतं. फलाटावर बस नव्हती. आदिनाथ मागं येऊन उभा राहिला.

"माहीत होतं तर माझं रेकॉर्डिंग पाठवलं कशाला?" मी विचारलं.

"खोडणार होतो. दोनदा ऐकलं खोडायच्या आधी. मग खोडवेना. त्या ओळी मी लिहिलेल्या. खालच्या, मराठीतल्या. दोन महिने तो सिनेमा रोज बघितला. आन् ती ब्रेक दाबायच्या आधी हसते, हे मला कधी दिसलं न्हाई. तुम्ही हॉलमधून जाताना मैत्रिणीला सांगत होतात, तवा कळलं. घरी जाऊन बघितलं. हसते."

मी वळले. "हाडं दुखायलीत... ते तुमचं?"

"सर म्हणले होते शुद्ध लिही. पण मेलेला माणूस कशाला शुद्ध बोलंल?"

मला हसायचं नव्हतं. अजिबात नव्हतं. तरी हसू आलं, आणि त्याचाच राग आला.

"आज मी तीनदा लावतो," तो एकदम म्हणाला. "लॅपटॉप माझ्याकडंच हाय. काळा पडदा, परत वाळू, तसंच. तुम्ही बोलला ते खरं होईल."

"आणि सर?"

"सर क्लबातून काढतील. काढू द्या."

तो खरंच म्हणत होता. एखाद्या मुलानं माझ्यासाठी कुठलाच वेडेपणा कधी केला नव्हता, आणि हा माझ्या चुकीला खरं करायला निघाला होता. मी म्हणाले, "एकदाच लाव."

'लाव' म्हणाले, 'लावा' नाही. हे आमच्या दोघांच्याही लक्षात आलं, आणि दोघांनीही न आल्यासारखं केलं.

---

लातूरचा हॉल मोठा होता, गार होता, खुर्च्यांना गाद्या होत्या. वाळू आली. रस्ता आला.

कडेला छत्रीवाला उभा होता. आणि मला एकदम कळलं की आता परत नाही. काळा पडदा नाही. गाडी वेगात येत होती. तिनं ब्रेक दाबला नाही तर? मला माहीत होतं ती दाबते, तीनदा पाहिलं होतं, तरी मी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात ते बारीक हसू आलं... ब्रेक लागला... आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

नाक्यावर तिनं कानात काय सांगितलं ते याही वेळी ऐकू आलं नाही. पण भेट दिली नव्हती. ती त्याला ओळखत होती, नाक्यानंतरही, त्या वाळूतल्या दारापाशीही. शेवटी तिनं नाव विचारलं तेव्हा लक्षात आलं, एवढ्या वाटेत दोघांनी एकमेकांना नावच विचारलं नव्हतं. विसरली नव्हती ती. आत्ता कुठं सुरुवात करत होती.

मला स्टेजवर बोलावलं. आधी माझं मुखेडचं बोलणं पडद्यावर दाखवलं, त्यात शेवटी माझ्या चपला. लोक हसले. दयानंद सर मफलर गुंडाळून पहिल्या रांगेत बसले होते, कौतुकानं बघत. आदिनाथ मागं लॅपटॉपपाशी उभा होता, भिंतीसारखा पांढरा.

मी माईक धरला. पहिला शब्द माईकलाही ऐकू गेला नाही. तो जुना, 'हजर'वाला घसा.

"मी आत्ता जे बोलले," मी म्हणाले, "ते या सिनेमात नाही. ते आमच्या अध्यक्षांच्या उशिरात आहे."

मग सगळं सांगितलं. व्याही आले तिथं तर हॉल इतका हसला की मला थांबावं लागलं. पण ते हसू मला लागलं नाही. मी त्या हसण्यावर स्वार झाले होते, बैलगाडीवर उभं राहतात तशी.

हसणं ओसरल्यावर म्हणाले, "मुखेडला मी त्यांना तीनदा भेटताना पाहिलं, आणि मला काही भीती वाटली नाही. आज एकदाच पाहिलं, तर माझे हात गार पडले. आज कळलं, ती बाई किती धीराची आहे."

एवढंच बोलले आणि खाली आले. सर चष्मा पुसत होते. त्यांनी आदिनाथला पुढं बोलावलं आणि विचारलं की पुढच्या खेपेला अध्यक्ष आले तर काय करशील. तो म्हणाला, "दाराला आतून कडी." सरांनी मान हलवली. क्लबात राहिला.

भामाबाई स्टेजवर जाऊन चहाबद्दल बोलल्या आणि माझ्यापेक्षा जास्त टाळ्या घेऊन आल्या.

---

संध्याकाळी मुखेडची बस लागली. भामाबाईंनी खिडकीची जागा धरली. आदिनाथ माझी पिशवी घेऊन दारापाशी उभा. कुठं कुणीतरी ओला हरभरा भाजत होतं, त्याचा धूर आमच्या मधून जात होता.

"परत कधी..." तो म्हणाला.

"माहीत नाही. परीक्षा आहे."

"हाव. मलाबी."

ड्रायव्हर चढला. इंजिन थरथरलं. आणि मला वाटलं, हा आता आणखी एक आठवडा टिंबं पाठवत बसणार. मी म्हणून टाकलं. सरळ. जसं वर्गात उत्तर देतात तसं.

"आदिनाथ, तू मला आवडतोस."

त्याच्या हातातून पिशवी सुटली. त्यानं ती उचलली. उलटी उचलली, माझा कंगवा आणि दीपमालासाठी घेतलेल्या बांगड्या फलाटावर. दोघं वाकून गोळा करू लागलो. त्याच्या हातात बांगड्या किणकिणत होत्या.

"मला वाटलं मी आधी सांगीन," तो खाली बघत म्हणाला. "त्या हॉलमधीच सांगणार होतो. पण आधी ते दुसरं सांगणं गरजेचं होतं. ते लपवून हे सांगितलं असतं तर..." त्यानं वर पाहिलं. "तू आवडतेस. लई."

कंडक्टरनं घंटी मारली. मी पायरीवर चढले. गाडी हलली, आणि माझ्या मागोमाग तोही चढला. पिशवी अजून त्याच्याच हातात होती.

"आरं, उतरायचं नाही का?" मी म्हणाले. त्यानं पिशवी छातीशी धरली. मलाही तो उतरावा असं वाटत नव्हतं.

कंडक्टर आला. "कुठलं?"

आदिनाथ माझ्याकडं बघायला लागला. मी भामाबाईंकडं.

"आष्टामोड द्या त्याला," भामाबाई म्हणाल्या. "तिथून माघारी गाड्या मिळत्यात. त्याच्या फुडं न्हाई. मुखेडला हिची माय उभी असंल."

तिकीट फाटलं. भामाबाईंनी मांडीवरची पिशवी उचलली, अंग चोरून खिडकीकडं सरकल्या, तिघांची जागा केली. आम्ही बसलो, मधे माझी पिशवी. त्यांनी पदर डोक्यावरून पार नाकापर्यंत ओढला आणि खिडकीकडं तोंड करून म्हणाल्या,

"आष्टामोडपस्तोर मला झोप लागलीय."